खिळ्यावरचा कप

रविवार, ४ जानेवारी १९५९. अकोला

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठले तेव्हा ठरवलं होतं की यापुढे कोणाच्याही घंटेवर उठणार नाही. आज पहाटे पाचला देवमनने उठवलं. देवमन माझ्या भावाचा मुलगा, तहसील कचेरीत कारकून. त्याच्याच सरकारी क्वार्टरमध्ये मी राहते, तेव्हा उठणं भाग होतं.

"आत्या, आता दर महिन्याच्या पयल्या रविवारी अमरावतीले जायचं. सारे मिळून. मैनाले तलाव दाखवू."

तलाव पाहायला साठ मैल! अकोल्यात पाणी नाही का? पण गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलली, तिथल्या फलाटावर कुडकुडलो, आणि नऊ वाजता अमरावती. स्टेशनाबाहेर पडताच सूनबाई, म्हणजे देवमनची शालू, म्हणाली, "मी मावशीले भेटून येतो," आणि टांग्यात बसून गेलीसुद्धा. सहलीला आणायचं आणि आपण पळायचं.

आम्ही तिघं वडाळीच्या तलावाकाठी बसलो. भाकरी, तुरीच्या दाण्यांची भाजी, जवसाची चटणी. शालूने डबे दोन केले होते, एक मोठा आमचा, एक एवढासा तिचा. मैनाने कोणाच्या तरी झाडाची बोरं खिशात भरली आणि विचारल्यावर "नाही" म्हणाली. नऊ वर्षांची पोरगी. मी सांगितलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर साबणाने तोंड धुवायला लावत. तिने डोळे मोठे करून विचारलं, "आजी, साबन गोड रायते का?"

शालू दोन वाजता परत आली. डोळे लाल. मावशीकडे म्हणे चूल धुरकटते.

मंगळवार, २० जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली आहे आणि ती आली नसती तर बरं झालं असतं.

शालूचा कप वेगळा आहे. स्वयंपाकघरात खिडकीखाली खिळा ठोकला आहे, त्यावर तो कप टांगलेला असतो. आम्हा तिघांचे फळीवर. ती आमच्या कपात कधी पीत नाही, तिच्या कपाला कोणाला हात लावू देत नाही. ताट, तांब्याही वेगळा. आज मी चुकून तो कप घ्यायला गेले तर धावत आली. "आत्याबाई, तो नोका घेऊ!"

मी हात मागे घेतला. कपाला नव्हे, त्या खिळ्याला पाहून.

शुक्रवार, २३ जानेवारी

तीन रात्री नीट झोप नाही. लिहून टाकते.

सरकारी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे कप कपाटात आणि माझा, तुटक्या कानाचा, दाराबाहेर खिळ्यावर. मी मुख्याध्यापिका झाले तरी खिळा तिथेच. शिपाई वरून चहा ओतायचा. शेवटच्या दिवशी निरोपाचा हार घातलेला असताना मी तो कप पायरीवर आपटला. सगळे बघत राहिले. पुढच्याच वर्षी आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मला वाटलं, खिळा मागे राहिला.

आता तोच खिळा माझ्या घरात, आणि तो आमच्याच सुनेने ठोकला. कारण एकच दिसतं. लहानपणापासून मी सिस्टर लोकांत वाढले, त्यांनी माझं जाईचं जास्मिन केलं होतं, काट्याचमच्याने जेवायला शिकवलं. भातकुलीकडून आलेल्या शालूला मी बाटलेली वाटत असणार. बाटलेली! हा शब्द आमच्यात उरला कसा?

आणि ज्याचा कप वेगळा होतो त्याची खोली वेगळी व्हायला वेळ लागत नाही, एवढं जग मी पाहिलं आहे.

रविवार, १ मार्च. अमरावती, मग परत अकोला

संत्र्यांचे ढीग लागले आहेत. देवमनने डझनभर घेतली. सोलून मैनाच्या तोंडात फोड घालत होता, मला देत होता. शालू आज लवकर आली होती. तिने आपलं संत्रं आपणच सोललं, चार पावलं दूर बसून. मैना तिच्या मांडीकडे धावली तर म्हणाली, "आजीपाशी बस, बाई. माहे हात खराब हायेत." हात स्वच्छ होते. मी पाहिले.

मग देवमनने सहज विचारावं तसं विचारलं, "आत्या, अमरावती कशी वाटते तुमाले? हवा बरी हाय ना?"

"कोणासाठी?" मी म्हटलं.

तो संत्र्याच्या साली गोळा करत राहिला. 

रविवार, ५ एप्रिल

आज कळलं.

जेवण झाल्यावर झाडाखाली डोळे मिटून पडले होते. शालू-देवमनला वाटलं, झोपले.

शालू: "खोली पायली का?"

देवमन: "पायली एक. एकाच मानसाले पुरते. खिडकी हाय."

शालू: "मंग घेऊन टाका. लोकायच्या नजरेत यायच्या आंधी."

देवमन: "आत्याले कसं सांगू?"

शालू: "आताच नोका सांगू. जागा पक्की झाली की मंग."

मी डोळे उघडले नाहीत. कावळ्यांचा कालवा चालला होता. एकाच माणसाला पुरते. खिडकी आहे. आई गेली तेव्हा सहा वर्षांची होते, मामाने "जत्रा दाखवतो" म्हणून कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी आणलं आणि हात सोडला. जिलबी हातात होती. या सहली कसल्या ते मला आता समजलं. माणूस जागेला रुळावा म्हणून त्याला आधी थोडं थोडं नेतात. वासरूसुद्धा तसंच विकतात.

रविवार, ३ मे

उन्हाने टांग्याचा घोडा फेस गाळत होता. या उन्हात शालूला पूर्ण बाह्यांचं पोलकं! विचारलं तर "उन्हानं कातडी भाजते." एवढी नाजूक कधीपासून?

बेफिकीर मात्र भारी. काल चुलीवरचं पातेलं तिने फडक्याशिवाय उतरवलं. मी ओरडले तेव्हा तिने बोटांकडे पाहिलं. दोन बोटांना टचटचीत फोड आले होते आणि ही बाई "अगं बाई" सुद्धा म्हणाली नाही. बोटांकडे असं पाहिलं, जसं दुसऱ्याच कोणाची आहेत. मला तिची भीती वाटली. ज्याला स्वतःचं दुखत नाही त्याला दुसऱ्याचं काय दुखणार?

आणखी एक. भातकुली अमरावतीपासून चार-पाच कोसांवर, तिथे तिचा बाप आहे. पाच महिने झाले, मावशीकडे जाते, बापाकडे एकदाही नाही. म्हटलं, "बुधाजींना भेटून ये की." चेहरा पांढरा पडला. "बाबाले नोका सांगू आपन इकडे येतो ते."

बापाला का नाही सांगायचं? बाप म्हणेल, म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढू नको, म्हणून?

रविवार, ५ जुलै

सकाळपासून धो धो. देवमन म्हणाला, आज राहू दे. शालू म्हणाली, "नाही, जावंच लागते." गेलो. छत्री तलाव नावाच्या तळ्यावर गेलो तर माझ्या जांभळ्या छत्रीखाली तिघं आणि समोर तलाव दिसेना इतका पाऊस. मैना मात्र खूश. "आजी, आपन तलावाच्या आत बसलो!" भिजलेल्या भाकरी खाल्ल्या. पोरीच्या केसांना मी तेल लावते, वेणी मी घालते, न्हाऊही मीच घालते. आईने कधीचं सोडलं. मला त्या खोलीत ठेवतील तेव्हा हिची वेणी कोण घालणार? हे त्यांच्या डोक्यात आलंच नसेल.

रविवार, ९ ऑगस्ट

मी तो कप फोडला.

चहा झाला होता. शालू आपला कप धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, खिळ्यावर टांगत होती. उकळत्या पाण्यातून! आमच्या सावलीचाही विटाळ धुवावा तसा.  कप ओढून घेतला आणि उंबऱ्यावर आपटला.

"माझ्यासमोर हे चालणार नाही! कोणाचा विटाळ होतो तुला? माझा?"

ती खाली बसून तुकडे वेचायला लागली. "तुमचा काहून होईन, आत्याबाई," एवढंच बोलली. बोट कापलं, रक्त फरशीवर पडलं, तिला कळलंही नाही. मैना रडायला लागली. देवमन दारात उभा, मला म्हणाला काय, तर "आत्या, तुमाले काही समजत नाही." अठ्ठावीस वर्षं मुलींना शिकवलेल्या बाईला काही समजत नाही!

दुपारी बसून बुधाजींना पत्र लिहिलं. आपल्या मुलीने घरात कप वेगळा ठेवला आहे, ताट वेगळं ठेवलं आहे, दर महिन्याला अमरावतीला मावशीकडे म्हणून जाते, आणि मला घराबाहेर काढण्याचा घाट घातला आहे. तरी येऊन तिला समज द्यावी. स्वच्छ अक्षरात, काहीही न झाकता. पेटीत टाकलं तेव्हा बरं वाटलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

खिळ्यावर नवा कप. इनॅमलचा, निळ्या काठाचा. न फुटणारा.

शनिवार, २२ ऑगस्ट

बुधाजींचं उत्तर. ते लिहू शकत नाहीत, गावच्या मास्तराच्या हातचं आहे. मजकूर उतरवते: "तुमचे पत्र मास्तरांनी वाचून दाखविले. शालूची कोणतीही मावशी अमरावतीत नाही. कप वेगळा कशापायी ते मला पाहावे लागेल. पोळा झाल्यावर येतो. तोवर कोणापाशी बोलू नये."

मावशी नाही.

मग ती जाते कुठे? आणि "कोणापाशी बोलू नये" हे बुधाजींनी का लिहिलं? समज देणाऱ्या बापाचं हे वाक्य नव्हे. घाबरलेल्या माणसाचं आहे. चारदा वाचलं. दर वेळी मला जास्त भीती वाटली आणि कशाची ते सांगता येत नाही. पत्र ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं. देवमनला सांगितलं नाही.

रविवार, ६ सप्टेंबर

 आजच लिहिते, उद्या धीर होणार नाही.

स्टेशनाबाहेर शालू टांग्यात बसताच देवमनला म्हटलं, डोकं दुखतं, धर्मशाळेत जाऊन पडते. टांगा केला आणि शालूच्या टांग्यामागे लावला. ती गावाबाहेर उतरली आणि पायी निघाली. मीही छत्री उघडून मागे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. पुढे बैठी इमारत, कुंपण, आत निंबाखाली माणसं बसलेली. मी कुंपणाशी थांबले.

एकाच्या हाताला बोटं नव्हती. एका बाईचं नाक बसलेलं होतं. फाटकावर पाटी होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली. महारोग दवाखाना.

ओसरीवर शालू बाकावर बसली होती, बाही खांद्यापर्यंत वर केलेली. दंडावर तळहाताएवढा फिका चट्टा. नर्सबाई म्हणाली, "डोये मीट." आणि कोंबडीचं पीस फिरवत गेली. "इथं कळते?" "हो." "इथं?" शालू गप्प. "इथं?" गप्प. पीस फिरत होतं, मला कुंपणापासून दिसत होतं, आणि ती डोळे मिटून वाट पाहत होती.

मी पळाले. बासष्ट वर्षांची बाई, चिखलातून, छत्री उलटी झालेली. टांग्यात तोंडावर रुमाल दाबून बसले. मला तिची कीव आली नाही, हे इथे लिहून ठेवते. मला फक्त आठवत होतं की माझा भात कोणी वाढला, माझी चादर कोणी धुतली, आणि गेल्या महिन्यात मी तिच्या कापलेल्या बोटाचं रक्त फडक्याने पुसलं.

सोमवार, ७ सप्टेंबर

देवमन कचेरीत, मैना शाळेत. शालू माझ्या खोलीच्या दाराशी आली, उंबऱ्याबाहेर बसली.

"आत्याबाई, काल तुमी आल्या व्हत्या. छत्री वयखली मी."

मी भिंतीला टेकले.

"भेव नोका. डॉक्टर म्हनते, माह्या रोगाची जात लागनारी नाही. दवाखान्याच्या गोया घेतल्या तं दोन-तीन सालात बरा होते. पन मी कोनाचा भरोसा ठेवू? मैना हाय, तुमी हा. म्हनून कप येगळा, म्हनून सारं पान्यात उकयते. खोली बी माह्यासाठीच पायते हे. मीच म्हटलं. शेजारपाजारले कळलं तं यायचं क्वार्टर जाईन, पोरीले शाळेत कोनी बाजूले बसवनार नाही."

खोली तिच्यासाठी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे मला काढत नाहीत. सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

"देवमनने मला का नाही सांगितलं?"

"तुमाले शिकवनीची सवय. तुमी शांत रायल्या नसत्या." आणि एवढ्यातही ती थोडी हसली. मग म्हणाली, "बाबाले तेवढं कळू द्यायचं नाही."

"का?"

"माह्या मायले हेच व्हतं. चतुराबाई वारली असं सारे म्हनत, तवा ते वारली नोयती. गाववाल्यायनं सांगतलं अन् बाबानं तिले वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, झोपडीत ठेवलं. दोन साल. मी सात वर्साची. भाकर गोट्यावर ठेवायची अन् मांगं सरकायचं. माय तिथूनच म्हने, वेनी नीट घाल वं. बाबाले कळलं तं ते मले घ्याले येतीन. नाही म्हनता येत नाही त्यायले. गावाच्या पुढं त्यायले कधीच नाही म्हनता आलं नाही."

मी ट्रंक उघडली आणि बुधाजींचं पत्र तिच्यापुढे टाकलं. टाकलं, हातात दिलं नाही. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. माझ्या स्वच्छ अक्षरातल्या पत्रात मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ती रडली नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसली. उठताना एवढंच म्हणाली, "पोळा तं होऊन गेला, आत्याबाई."

गुरुवार, १० सप्टेंबर

दाराचा प्रत्येक आवाज बुधाजींचा वाटतो.

आज मैनाच्या गालावर फिकट डाग दिसला.  कोंबडीचं पीस शोधून आणलं. म्हटलं, डोळे मीट, खेळ आहे. गालावर फिरवलं. एक क्षण काहीच नाही. तो क्षण कधी विसरणार नाही. मग पोरगी खिदळली, "आजी, गुदगुल्या होते!" मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. तरी पुढच्या वेळी तिला तिथे दाखवायचं, असं शालूला सांगितलं. माझ्या बोटांवरूनही पीस फिरवून झालं आहे. रोज दोनदा फिरवते.

रविवार, १३ सप्टेंबर

बुधाजी आज आले. खांद्यावर मुगाच्या शेंगांचं गाठोडं, पायात चिखल. "जय भीम, बाई." पायरीवर पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. पाहुणा बैठकीत बसतो. मी समजले.

शालू चुलीशी, पदर मनगटापर्यंत ओढलेला. देवमन भिंतीशी, ओठ कोरडे.  बुधाजींची नजर फळीवरून फिरत खिडकीखाली आली आणि थांबली.

"हा कप कोनाचा?"

शालूने चुलीत काटकी सारली.

"चतुरीचा बी असाच व्हता," ते म्हणाले, कपाकडेच पाहत. "खिया मीच ठोकला व्हता. मास्तरनं तुमचं पत्र वाचलं तवाच वयखलं मी, बाई. एकडाव केलं मी ते. दुसऱ्यांदा माह्याच्यानं होनार नाही. पन मास्तरनं वाचलं, म्हनजे गावानं वाचलं. करा लागन."

"माझा आहे," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले.

"कप माझा आहे, बुधाजीबुवा. अठ्ठावीस वर्षं शाळेत मला वेगळ्या कपात चहा मिळाला. खिळ्यावरचा. आता त्याच्याशिवाय गोड लागत नाही. म्हातारपणाचं खूळ. सून बिचारी म्हणते, आत्याबाई, सगळ्यांच्या कपात प्या, तर मीच तिच्यावर चिडते."

हे मी म्हटलं. मी, जिने हार घातलेला असताना तो कप पायरीवर आपटला. 

"पत्रात तं उलटं लिवलं व्हतं."

"रागात लिहिलं. खोटं लिहिलं. हेच त्या मास्तरांना सांगा. म्हणावं, शिकलेली बाई आहे, पण जीभ वाईट आहे."

"अन् मावशी?"

"माझी मैत्रीण आहे तिथे, गोदाबाई. माझ्या सांध्यांचं औषध तिच्याकडून आणते शालू. मावशीच म्हणते तिला. शालू, चहा दे. माझ्या कपात."

शालूचा हात हलेना. "आत्याबाई, दुसरा..."

"माझ्या कपात!"

तिने खिळ्यावरून कप काढला. ओतला. इनॅमलची कड ओठाला चटका देत होती. बुधाजी एकटक पाहत होते. मी एक घोट घेतला, मग दुसरा. घाई केली नाही. घाई केली असती तर त्यांना कळलं असतं. तळाशी साखर होती, तीही प्यायले, आणि कप उठून स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगला.

बुधाजींनी टोपी काढून तोंड पुसलं. बराच वेळ टोपी तोंडावरच होती. "तुमच्यावानी शिकेल बाई खोटं काहून बोलन," म्हणाले, आणि जेवून, मैनाला शेंगा सोलून देऊन, चारच्या गाडीने गेले.

ते वळणाआड होताच मी मोरीत गेले. मिठाच्या पाण्याने चूळ भरली. एकदा, दोनदा, मग साबण घेतला आणि बोटाने जीभ, हिरड्या, सगळं घासलं. मला थांबता येईना. मागे चाहूल लागली. शालू उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"खोटं बोललं की आमच्याकडे असंच तोंड धुतात," मी म्हटलं. "कॉन्व्हेंटची शिस्त."

ती आत गेली. गरम पाण्याचा तांब्या आणून, हातभर अंतरावर ठेवून, मागे सरकली. गोट्यावर भाकर ठेवावी तशी.

मी दोन पावलं पुढे झाले आणि तांब्या तिच्यादेखत उचलला.  

"पुढच्या महिन्यात, चार तारखेला," मी म्हटलं, "मी तुझ्याबरोबर त्या बाकावर बसणार आहे. मला त्या डॉक्टरला बरंच विचारायचं आहे. आणि खोलीबिली काही घ्यायची नाही. मैनाची वेणी मला एकटीला होत नाही आता."

"अन् डबा?" तिने विचारलं.

तोंडात अजून साबणाची चव होती.

"एकच घे," मी म्हटलं.